शंभराला एक कमी

एखाद्या चित्रपटाचे भाग्य तो कसा उतरला आहे यावर जितके अवलंबून असते, तितकेच तो कोणत्या शुक्रवारी आला यावरही असते. '९९' हा हिंदी चित्रपट १५ मे २००९ रोजी आला. चित्रपटाला इतका आडवेळेचा शुक्रवार क्वचितच मिळाला असेल. निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात उत्पन्नाच्या वाटणीवरून जुंपली होती आणि ४ एप्रिलपासून मोठे हिंदी चित्रपट अडवून ठेवलेले होते. दुसऱ्या दिवशी, १६ मे रोजी, लोकसभेच्या निवडणुकीचे निकाल लागायचे होते. शनिवार-रविवारी वर्तमानपत्रांच्या पानांवर दुसरे काही मावणेच शक्य नव्हते. आणि निवडणुकीमुळेच त्या वर्षीचे आयपीएल देशाबाहेर नेलेले असल्याने रोज संध्याकाळी घरोघरी दक्षिण आफ्रिकेतले सामने चालू होते. क्रिकेटवरच्या सट्ट्याची थट्टा करणारा चित्रपट आला, तेव्हा ज्या देशाच्या कर्णधाराने नऊ वर्षांपूर्वी तो सट्टा जगाच्या वेशीवर टांगला त्याच देशात आपले खेळाडू खेळत होते. हा योग कुणी जुळवून आणला नव्हता, आणि माझ्या वाचनात आलेल्या परीक्षणांपैकी एकानेही त्याची दखल घेतलेली मला आठवत नाही.

या लेखाचे निमित्त तेच आहे. '९९' चे परीक्षण झाले ते बरेच अनुकूल झाले, काही ठिकाणी तर कौतुकाने झाले. परंतु ज्या गोष्टीवर तो चित्रपट उभा आहे तिच्याकडे फारसे कुणी वळून पाहिले नाही. मी कात्रणे जपून ठेवणारा मनुष्य आहे. त्या कात्रणांचा एकूण सूर असा होता: पटकथा हुशार आहे, संवाद खुसखुशीत आहेत, बोमन इराणी नेहमीप्रमाणे बहार आणतो, सायरस ब्रोचाचे वेंधळेपण गमतीचे आहे, फक्त लांबी थोडी अधिक झाली. यातले काहीच खोटे नाही. लांबीची तक्रार तर माझीही आहे. पण हे परीक्षण सफाईचे झाले, आशयाचे झाले नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साल १९९९. मुंबईतले सचिन आणि झरामूड हे दोन फुटकळ भामटे मोबाइलची नकली सिमकार्डे करून विकतात. पोलिसांपासून पळताना ते एजीएम नावाच्या बुकीच्या मोटारीची वाट लावतात, आणि ते नुकसान भरून देण्यासाठी त्याच्या चाकरीला लागतात. चाकरी कसली, तर वसुलीची. दिल्लीत राहुल नावाचा एक गृहस्थ आहे. संसारी, नोकरदार आणि जुगाराचा पुरता गुलाम. तो पैज हरलेला आहे आणि त्याच्याकडून पैसे आणायचे आहेत. पैसे हाती येतात आणि निसटतात. पुढे सगळा पळापळीचा खेळ. नाव '९९' हे सालावरूनही आहे आणि शंभराला एक कमी पडण्यावरूनही. ज्याच्या आयुष्यात शतक कधी पुरे होत नाही अशा माणसाची ही गोष्ट, आणि त्याचे नाव सचिन! दिग्दर्शक राज निदिमोरू आणि कृष्णा डी. के. हे दोघे मूळचे इंजिनिअर, अमेरिकेत नोकरी करता करता चित्रपटाकडे वळलेले. त्यांचा पहिला 'फ्लेवर्स' हा अमेरिकेतल्या भारतीयांवरचा इंग्रजी चित्रपट होता. बुकी एजीएम झाला आहे आपला महेश मांजरेकर, ज्याचा 'वास्तव' त्याच १९९९ साली पडद्यावर आला होता. आणि नायिका सोहा अली खान ही एका माजी भारतीय कर्णधाराची कन्या. पतौडींच्या लेकीने सट्टेबाजांच्या चित्रपटात काम करावे यात मला तरी एक मिष्कीलपणा वाटतो. तो हेतुपुरस्सर होता की नाही, ते दिग्दर्शकच जाणोत.

आपल्याकडे गुन्हेगारांचा विनोदपट आला की परीक्षकांची नजर आधी विलायतेकडे जाते. तिकडे असे चित्रपट कुणी केले, त्यांतले काय इकडे उतरले आहे, याचा हिशोब मांडला जातो. वास्तविक या जातीच्या विनोदाचे मूळ शोधायला इतक्या दूर जायला नको. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा दुसरा अंक काढून बघा. मराठी माणसाला तर तो देवलांच्या नाटकामुळे घरचाच आहे. संवाहक दहा सुवर्णमुद्रा हरला आहे आणि पळत सुटला आहे. मागे माथुर आणि तो जिंकलेला जुगारी. संवाहक उलट्या पावलांनी एका ओसाड देवळात शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. शोधायला आलेले दोघे त्याच्यासमोरच फासे टाकायला बसतात, आणि फाशांचा आवाज कानावर पडताच मूर्तीला राहवत नाही! माणूस जिवावर बेतले असतानाही डाव सोडू शकत नाही, हे पाहून आपण हसतो. त्या हसण्यात कीव आहे, पण तुच्छता नाही. '९९' मधला राहुल हा त्या संवाहकाचाच वंशज आहे. शेवटी वसंतसेना हातातले कंकण देऊन संवाहकाला सोडवते. त्या कंकणाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

आता वसुलीविषयी. बुकीला गुंडच का लागतात, हा प्रश्न चित्रपट पाहताना कुणाला पडत नाही, कारण पडद्यावर बुकी आणि गुंड यांची जोडी आपण गृहीतच धरलेली असते. त्याचे उत्तर १८७२ च्या करार कायद्यात आहे. त्याच्या तिसाव्या कलमाप्रमाणे पैजेचा करार शून्य; हरलेल्याने पैसे दिले नाहीत तर कोर्टात जाता येत नाही. म्हणजे सट्ट्याचा सारा व्यवहार तोंडी शब्दावर, आणि शब्द मोडला तर दंडुक्यावर. कायद्याने जिथे दार लावून घेतले तिथे हे दंडुकेवाले उभे राहिले. '९९' ची सगळी हाणामारी त्या एका कलमातून निघते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मुंबईला हा नाद जुना आहे. एके काळी येथे पावसावर सट्टा चाले. अमुक वेळात पागोळी वाहील की नाही यावर पैसे लागत, आणि त्याला आवर घालण्यासाठी १८९० साली कायद्यात खास तरतूद करावी लागली. मूळ मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा; तो आजही आहे. महालक्ष्मीला घोड्यावर पैसे लावणारा सभ्य गृहस्थ ठरतो, कारण शर्यतींना १९१२ पासून परवान्याची वाट काढून दिलेली आहे. तिथून थोड्या अंतरावर वानखेडेवर चाललेल्या सामन्यावर तेच पैसे लावणारा आरोपी होतो. मग आला आकडा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होते भाव तारेने येत, आणि त्यांच्या शेवटच्या आकड्यांवर गिरणगावातला मजूर चार-आठ आणे लावी. ते भाव येणे बंद झाल्यावर कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांनी १९६० नंतरच्या दशकात मटका काढला. ओपन-क्लोज हे शब्द मात्र कापसाचेच राहिले. खत्रीची छाया असलेले पात्र १९७५ च्या 'धर्मात्मा'त प्रेमनाथने केले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या आणि मटक्याचा गिऱ्हाईकच संपला. त्याच सुमारास, १९८३ चा विश्वचषक आणि रंगीत दूरदर्शन यांच्या पाठीवर बसून, क्रिकेट बारमाही झाले. सट्ट्याला नवा माल मिळाला.

या नव्या धंद्याची बोली मोठी चमत्कारिक आहे. भाव फेव्हरिट संघाचा, तोही पैशांत. चाळीस पैशांचा भाव म्हणजे शंभर लावले तर चाळीस मिळायचे. संघाच्या बाजूने पैसे घालणे ते 'लगाना', विरुद्ध बाजू घेणे ते 'खाना'. अमुक षटकांत किती धावा होतील ते 'सेशन'. लाखाला पेटी, कोटीला खोखा. भाव फोनवरून पुकारला जातो, वहीत टोपणनावे असतात आणि वलण ठरल्या दिवशी रोख. हा धंदा पूर्णपणे टेलिफोनवर उभा आहे, आणि नेमके हेच '९९' च्या लेखकांनी हेरले. १९९९ साली मोबाइल ही श्रीमंतांची चीज होती. येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. नकली सिमकार्ड विकणारे दोघे भामटे बुकीच्या हाती सापडतात, हा कथेतला योगायोग नसून त्या काळाचे तंतोतंत चित्र आहे.

याचे प्रत्यंतर पुढच्याच वर्षी आले. मार्च २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ भारतात एकदिवसीय सामने खेळत होता. दिल्ली पोलीस खंडणीच्या एका प्रकरणात फोन ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांच्या कानावर क्रिकेट पडू लागले. भारतात वापरण्यासाठी हॅन्सी क्रोनिएला मोबाइल दिला गेला होता. ७ एप्रिल रोजी पोलिसांनी आरोप जाहीर केला. क्रोनिएने इन्कार केला. चारच दिवसांनी, ११ एप्रिलला पहाटे, त्याने आपल्या मंडळाच्या प्रमुखाला फोन करून आपण पूर्ण खरे बोललो नाही असे कबूल केले. फोनने अडकला आणि फोननेच कबूल झाला. जूनमध्ये केपटाऊनला न्यायमूर्ती किंग यांच्या आयोगापुढे जे बाहेर आले ते कोणत्याही प्रहसनाला लाजवील असे आहे. त्या जानेवारीत सेंच्युरियनच्या कसोटीत पावसाने दिवस वाया गेल्यावर दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून देऊन सामना निकाली करून दाखवला. जगाने खिलाडूपणा म्हणून वाखाणणी केली. आणि कर्णधाराला त्याबद्दल काही रक्कम आणि एक चामड्याचे जाकीट मिळाले होते! १९ मार्चला नागपूरच्या सामन्यात हर्शेल गिब्जने वीसच्या आत बाद व्हायचे आणि हेन्री विल्यम्सने पन्नासच्या वर धावा द्यायच्या, असे ठरले होते. गिब्जने ७४ धावा झोडपल्या. विल्यम्स दुसऱ्या षटकातच खांदा दुखावून बाहेर गेला. आफ्रिकेने तीनशेच्या वर धावा करून सामना जिंकला. लाच ठरली, काम फसले, आणि तरीही सगळे अडकले. असली पटकथा एखाद्या निर्मात्याकडे नेली असती तर त्याने 'इतके कुठे होते का' म्हणून परत केली असती.

आपल्याकडचे चित्र याहून करडे होते. १९९७ साली मनोज प्रभाकरच्या आरोपांनंतर क्रिकेट मंडळाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांची एकसदस्य चौकशी नेमली होती आणि तिला काही हाती लागले नव्हते. क्रोनिए प्रकरणानंतर सीबीआयकडे तपास गेला, २००० च्या नोव्हेंबरात अहवाल प्रसिद्ध झाला, डिसेंबरात मंडळाने काही खेळाडूंवर बंदी घातली. महंमद अझरुद्दीनवरची आजन्म बंदी पुढे २०१२ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. आणि ज्या खटल्यापासून हे सारे सुरू झाले त्यात दिल्ली पोलिसांनी आरोपपत्र ठेवले ते २०१३ साली. क्रोनिए २००२ मध्येच विमान अपघातात गेला होता.

त्या एप्रिलातली एक गोष्ट सांगतो. आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. सगळे त्यांना नाना म्हणत. सरकारी नोकरी, पांढरा लेंगा, गणपतीत आरतीला टाळ त्यांच्याकडे. ते सेशन खेळतात हे आम्हां मुलांनाही माहीत होते. क्रोनिएची बातमी आली त्या सकाळी गॅलरीत मोठी चर्चा जमली. कुणी म्हणे क्रिकेट संपले, कुणी म्हणे गोऱ्यांचे असेच. एका आजोबांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले होते. नाना वर्तमानपत्र घडी घालून मला म्हणाले, "अरे, यात नागपूरची मॅच आहे का बघ रे. माझे त्यात गेलेत." फिक्स असलेल्या सामन्यातले पैसे परत मिळायला हवेत, असे त्यांचे प्रामाणिक मत होते, आणि ते त्यांनी बुकीच्या माणसाला ऐकवलेही. तो पोट धरून हसला म्हणे. पुढल्या महिन्यात दोघे सभ्य कपड्यांतले तरुण नानांकडे आले. खुर्चीवर बसले, चहा घेतला, आवाज चढवला नाही. त्यानंतर नानींच्या हातातल्या पाटल्या दिसेनाशा झाल्या आणि हिरव्या काचेच्या बांगड्या वाढल्या. वसंतसेनेचे कंकण वाचताना मला अजून त्या पाटल्या आठवतात.

म्हणूनच '९९' पाहताना मी इतरांइतका मोकळेपणाने हसू शकलो नाही, आणि तरीही तो चित्रपट मला खरा वाटला. त्या आधी बरोबर वर्षभराने, १६ मे २००८ रोजी, कुणाल देशमुखांचा 'जन्नत' आला होता. तोही सट्ट्यावर आणि फिक्सिंगवर. त्यात बुकी देखणा आहे, प्रेमात बुडालेला आहे, केपटाऊनला आलिशान राहतो आणि शेवटी गोळी खाऊन मरतो. गाणी गाजली, चित्रपट चालला. लोकांनी 'जन्नत' घेतला आणि परीक्षकांनी '९९'. हा फरक मला विचार करण्याजोगा वाटतो. पाप मोहक दाखवावे आणि अखेरीला शिक्षा करावी, म्हणजे प्रेक्षक दोन्ही बाजूंनी तृप्त होऊन घरी जातो. ही आपल्या बोलपटांची जुनी रीत आहे. '९९' मध्ये पाप मोहकही नाही आणि शिक्षाही धड नाही. तिथे सट्टा म्हणजे घामट खोल्या, भाड्याच्या गाड्या, बायकोला मारलेल्या थापा. बोमन इराणीचा राहुल मरत नाही, सुधारल्याची शपथ घेतानाही त्याच्या डोळ्यांत पुढचा डाव असतो. चाळीत राहिलेल्या माणसाला हा राहुल ओळखीचा आहे. 'जन्नत'चा नायक नाही.

पण परीक्षकांनी जी गोष्ट हलकेपणा म्हणून वाखाणली, तिथेच मला चित्रपटाची मर्यादा दिसते. त्यात खेळाडू कुठे आहे? सामने दूरच्या दूरदर्शन संचावर चालतात. फिक्सिंगचा वारा येतो आणि जातो. हसे होते ते हरणाऱ्याचे आणि वसुली करणाऱ्याचे, म्हणजे तळाच्या दोन पायऱ्यांचे. ज्याच्या नावावर गॅलरीतले आजोबा रडले तो माणूस या विनोदाच्या बाहेर सुखरूप राहतो. 'जाने भी दो यारों' ने १९८३ साली पूल बांधणाऱ्यापासून तो पाडणाऱ्यापर्यंत सगळ्यांना एकाच प्रेताभोवती नाचवले होते. '९९' ला तेवढे धाडस झाले नाही. कदाचित कायद्याच्या भीतीने, कदाचित क्रिकेटच्या भक्तीने. आपल्याकडे दुसरे कारण अधिक संभवते. स्त्रियांची पात्रेही पातळ आहेत. राहुलच्या पत्नीला जे बोलायचे असेल ते तिला कुणी बोलूच दिलेले नाही. नानींनी तो चित्रपट पाहिला असता तर कदाचित पहिल्यांदा हेच विचारले असते.

त्या संपकाळात पडद्यावर आलेल्या मोजक्या हिंदी चित्रपटांपैकी '९९' हा एक होता. मी गेलो त्या खेळाला मागच्या रांगा सोडल्या तर थिएटर मोकळेच होते. जूनच्या आरंभी तह झाला, अडलेले मोठे चित्रपट रांगेने आले, आणि हा त्यांच्या धुळीत दिसेनासा झाला. त्याचे दुसरे परीक्षण झाले ते फार पुढे. राज आणि डी. के. यांनी 'शोर इन द सिटी', 'गो गोवा गॉन' केले, 'स्त्री' लिहिला, २०१९ साली 'द फॅमिली मॅन' ही मालिका घरोघरी पोचली. मग लोक मागे वळले आणि 'अरे, यांचा तो जुना चित्रपटही चांगला होता की' असे म्हणू लागले. हे परीक्षण पहिल्यापेक्षा प्रेमळ आहे, पण तेही दिग्दर्शकांकडे पाहून झालेले आहे.

मधल्या काळात विषय मात्र शिळा व्हायला तयार नव्हता. १६ मे २०१३ च्या पहाटे दिल्ली पोलिसांनी मुंबईत राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना अटक केली. २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले, आणि त्याच वर्षी लोढा समितीने दोन संघांना दोन-दोन वर्षे बाहेर बसवले. क्रोनिए खटल्यातला आरोपी बुकी २०२० साली ब्रिटनमधून भारतात आणला गेला. पैसे लावून संघ निवडण्याचे खेळ मधल्या वर्षांत उजळ माथ्याने भारतीय संघाच्या सदऱ्यावर चढून बसले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांवर बंदीचा कायदा केला तेव्हा ते नाव सदऱ्यावरून उतरले.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याने '९९' पहिल्यांदा पाहिला. क्रोनिए कोण हे त्याला सांगावे लागले, नागपूरचा सामना सांगावा लागला. नानांचे त्याला ठाऊक होते, कारण नानींनी ते त्याच्या आईला कधीतरी सांगितले होते. चित्रपटात तो पुष्कळ हसला. मध्येच एकदा थांबवून मात्र त्याने विचारले, "काका, आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे?" पडायचे, म्हटले. "मग लोक उचलायचे कशाला?" असे म्हणून त्याने चित्रपट पुढे चालू केला.